नरक्याचा अर्क ते कॅन्सरचं औषध: मधल्या वाटेवर काय काय घडतं

पाटण, कोयनेच्या पट्ट्यातून नरक्या या जंगली झाडाची चोरटी वाहतूक पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. टेम्पोत पोती, पोत्यांत लाकडाचे बारीक तुकडे, आणि बातमीच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य: कॅन्सरवरील औषधासाठी या वनस्पतीला परदेशात मोठी मागणी आहे. बातमी व्हॉट्सॲपवर फिरू लागली की हे वाक्य हळूहळू बदलतं. 'कॅन्सरच्या औषधासाठी मागणी' याचं 'कॅन्सरवर रामबाण औषध' होतं, आणि मग कुणीतरी विचारतं, हे लाकूड कुठे मिळेल, काढा कसा करायचा? घरात पेशंट असलेला माणूस हे विचारणारच. त्याला हसण्यासारखं यात काही नाही, आणि 'भोंदूपणा आहे' म्हणून झटकून टाकण्यासारखंही नाही. कारण बातमीतला मूळ मुद्दा खरा आहे. नरक्यात कॅन्सरच्या पेशी मारणारं एक रसायन खरोखरच असतं, आणि त्याच्यापासून केलेली औषधं आज जगभर वापरली जातात. तरीही नरक्याचा काढा कॅन्सरचं औषध ठरत नाही. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी कशी, ते समजलं की 'अमुक वनस्पतीचा अर्क तमुक रोगावर गुणकारी' अशा सगळ्याच बातम्या वाचायची दृष्टी बदलते.

अर्कात असतं काय?

अर्क म्हणजे वनस्पतीतून एखाद्या द्रवात उतरलेला माल. साल, पानं, मुळं सावलीत वाळवतात, भरड दळतात आणि एखाद्या द्रावकात भिजवतात किंवा सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात तासन्‌तास धुऊन काढतात. द्रावक म्हणजे ज्यात पदार्थ विरघळतो तो द्रव: पाणी, अल्कोहोल, हेक्झेन, इथाइल ॲसिटेट वगैरे. मग द्रावक उडवून टाकला की तळाशी गडद हिरवा किंवा तपकिरी चिकट गोळा उरतो. शोधनिबंधात 'मिथेनॉलिक अर्क' वगैरे म्हणतात तो हाच.

या गोळ्यात शेकडो वेगवेगळी संयुगं असतात. त्यातली काही नावं आपल्या घरातलीच आहेत. रिठ्याला फेस येतो तो सॅपोनिनमुळे. हिरडा तोंडात धरला की जीभ आखडते ती टॅनिनमुळे, आणि याच टॅनिनमुळे हिरडा कातडी कमवायला वापरतात. हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिनचा. तंबाखूतलं निकोटीन, चहातलं कॅफिन आणि सिंकोनाच्या सालीतलं क्विनीन ही अल्कलॉइडं, म्हणजे नायट्रोजन असलेली आणि थोड्या मात्रेतही शरीरावर जोरकस परिणाम करणारी संयुगं. वनस्पती हे सगळं आपल्यासाठी करत नाही. तिला पळता येत नाही. किडे, बुरशी, चरणारी जनावरं यांच्यापासून बचाव करायचा तर रसायनांचाच आधार. म्हणजे आपण ज्याला औषधी गुण म्हणतो, तो बहुतेक वेळा वनस्पतीच्या दृष्टीने विष असतो.

द्रावक बदलला की अर्क बदलतो, हेही इथेच लक्षात ठेवायला हवं. पाण्यात उतरणारी संयुगं वेगळी, अल्कोहोलमध्ये उतरणारी वेगळी. एकाच झाडाच्या सालीचे चार द्रावकांतले चार अर्क म्हणजे चार वेगळे पदार्थ. त्यातल्या एकाबद्दल सिद्ध झालेली गोष्ट दुसऱ्याला लागू होईलच असं नाही. बातमीत मात्र चारही अर्कांना झाडाचं एकच नाव मिळतं.

'परिणाम दिसला' म्हणजे नेमकं काय दिसलं?

वनस्पतींच्या अर्कांवर आपल्याकडे महाविद्यालयांपासून राष्ट्रीय प्रयोगशाळांपर्यंत भरपूर काम चालतं. त्यात खूप केली जाणारी एक चाचणी आहे डीपीपीएच नावाची. जांभळ्या रंगाचं एक द्रावण असतं. त्यात अर्काचे थेंब टाकायचे आणि थांबायचं. जांभळा रंग उतरून पिवळा झाला की अर्क 'अँटिऑक्सिडंट' ठरला. चाचणी स्वस्त, सोपी आणि बघायला सुरेख आहे. पण या नळीत जिवंत काहीच नसतं. ना पेशी, ना रक्त. साधा चहा ओतला तरी रंग झटक्यात उतरतो. या चाचणीवरून अर्काच्या रसायनशास्त्राबद्दल काहीतरी कळतं, शरीरात काय होईल याबद्दल फारसं काही कळत नाही. तरी 'कॅन्सर, मधुमेह, हृदयविकारावर गुणकारी' अशा कितीतरी बातम्यांचा उगम याच जांभळ्या नळीत असतो. मला ही गोष्ट मनापासून खटकते, कारण काम करणाऱ्या विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे जे लिहिलेलं असतं, त्याच्या कितीतरी पुढचं बातमीत छापलं जातं.

त्याच्या वरची पायरी पेशींची. काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, त्यांच्यावर अर्क घालायचा आणि निम्म्या पेशी मारायला किती अर्क लागतो ते मोजायचं. हा आकडा जितका लहान, तितका अर्क जोरकस. समजा निबंधात लिहिलंय की १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरला निम्म्या पेशी मेल्या (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग). प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. तेवढ्या रक्तात हे प्रमाण गाठायचं तर अर्धा ग्रॅम अर्क थेट रक्तात मिसळलेला हवा, तोही न मोडता, न गाळला जाता. तोंडाने घेतलेल्या अर्काच्या बाबतीत हे जवळजवळ अशक्य. म्हणूनच कच्च्या अर्कासाठी संशोधक बराच कडक निकष लावतात. साधारण ३० मायक्रोग्रॅमच्या आत परिणाम दिसला तरच तो अर्क पुढे न्यायचा. शिवाय निरोगी पेशीही त्याच मात्रेत मरत असतील तर तो आकडा निरर्थक आहे. बशीत मीठ जास्त झालं तरी कॅन्सरच्या पेशी मरतातच.

नरक्यातल्या रसायनाची ताकद किती, हे या पार्श्वभूमीवर बघा. शुद्ध स्वरूपात ते काही पेशींना नॅनोग्रॅमच्या मात्रेत मारतं, आणि एक नॅनोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग. एवढं जोरकस रसायन हातात येऊनही औषध व्हायला तीस वर्षं लागली.

चीनचं झाड, नंदुरबारचा रसायनतज्ज्ञ आणि गोरेगावची प्रयोगशाळा

या रसायनाचं नाव कॅम्प्टोथेसिन. ते पहिल्यांदा सापडलं नरक्यात नव्हे, तर कॅम्प्टोथेका अक्युमिनाटा या चिनी झाडात. अमेरिकेच्या कृषी खात्यात मन्रो वॉल हे शास्त्रज्ञ वनस्पतींमध्ये कॉर्टिसोन हे स्टेरॉइड बनवायला उपयोगी पडतील अशी संयुगं शोधत होते. त्यासाठी जमवलेले अर्क कॅन्सरविरोधी चाचणीसाठीही पाठवले गेले, आणि १९५८ च्या सुमाराला त्यातल्या या एका अर्काने उंदरांमधल्या ट्यूमरवर लक्षणीय परिणाम दाखवला. शोधत होते एक, सापडलं भलतंच.

वॉल पुढे नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तिथे १९६२ मध्ये त्यांना सहकारी मिळाले मनसुख वाणी. वाणींचा जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात पीएचडी करायला गेले होते. वॉल आणि वाणी यांच्या गटाने १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिनची रचना प्रसिद्ध केली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९७१ मध्ये याच जोडीने पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल शोधून काढलं, जे आज स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरवर सर्रास दिलं जातं. केमोच्या वॉर्डात सलाइनच्या स्टँडला लटकणाऱ्या दोन प्रमुख औषधकुळांमागे खानदेशात जन्मलेल्या माणसाचा हात आहे, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांचं नाव सहसा आढळत नाही.

नरक्या या गोष्टीत आला १९७२ मध्ये. मुंबईत गोरेगावला सीबा या औषध कंपनीचं संशोधन केंद्र होतं. तिथे टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी पश्चिम घाटातल्या मॅपिया फीटिडा या झाडात, म्हणजे आपल्या नरक्यात, कॅम्प्टोथेसिन असल्याचं दाखवलं. प्रमाण होतं साधारण ०.१ टक्का, म्हणजे किलोभर वाळक्या लाकडात एक ग्रॅम. चिनी झाडापेक्षा कितीतरी जास्त. त्या दिवसापासून सह्याद्रीतल्या या दुर्लक्षित झाडाला बाजारभाव आला. नरक्याला अमृता असंही म्हणतात. सध्याचं शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. झाड बेताच्या उंचीचं, फुलं लहान आणि उग्र दुर्गंधीची.

अर्कातून एकच रेणू वेगळा कसा काढतात, तेही थोडक्यात सांगायला हवं. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग पेशींवर तपासायचा, ज्यात परिणाम दिसेल त्याचेच आणखी भाग पाडायचे आणि परिणामाचा माग काढत शेवटी शुद्ध संयुगापर्यंत पोचायचं. नरक्याच्या बाबतीत डोळ्यांना दिसणारी एक खूण मिळते. अर्काचे ठिपके पांढऱ्या लेपाच्या, घटक वेगळे करणाऱ्या टीएलसी प्लेटवर चढू द्यायचे आणि अंधारात यूव्ही दिव्याखाली धरायचे. बाकीच्या मळकट पट्ट्यांमधून कॅम्प्टोथेसिनचा ठिपका लख्ख निळा चमकतो. शेकडो घटकांच्या गाळात हवा तो एक रेणू असा स्वतःहून उजळलेला दिसला की अर्क आणि संयुग यातला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

हा रेणू करतो काय?

सुती दोरीचे दोन पदर एका टोकाकडून उलगडून बघा. पदर सुटत जातात तसा पुढच्या भागातला पीळ घट्ट होत जातो, आणि एका जागी दोरी पुढे उलगडतच नाही. पेशीतला डीएनएही दोन पदरांचा, पीळ घातलेला असतो. पेशी दुभंगण्याआधी त्याची नक्कल करावी लागते, त्यासाठी पदर सुटे करावे लागतात, आणि पुढे पीळ साचतो. तो सोडवायला पेशीत टोपोआयसोमरेझ-१ नावाचं एन्झाइम असतं. ते दोरीचा एक पदर कापतं, पीळ फिरून सुटू देतं आणि पदर पुन्हा जोडतं. कापणं आणि जोडणं क्षणात होतं.

कॅम्प्टोथेसिन नेमकं या दोन्हींच्या मधल्या क्षणी कापलेल्या जागेत जाऊन बसतं. जोडणी होत नाही. मागून नक्कल करणारी यंत्रणा येते, तुटक्या जागेवर आदळते, आणि डीएनएचे दोन्ही पदर तुटतात. असे बरेच तुकडे झाले की पेशी मरते. कॅन्सरच्या पेशी सतत दुभंगत असतात, म्हणून त्या जास्त मरतात. पण आपल्या हाडांच्या मगजातल्या रक्त तयार करणाऱ्या पेशी, आतड्याचं अस्तर आणि केसांची मुळंही सतत दुभंगत असतात. केमोत पांढऱ्या पेशी कमी होणं, जुलाब, केस गळणं हे सगळं इथून येतं.

हे रसायन ज्या झाडात तयार होतं, ते झाड स्वतः कसं वाचतं? त्याच्याही पेशींत हेच एन्झाइम असतं की. या प्रश्नाचं उत्तर २००८ मध्ये जपानी संशोधकांनी दिलं. चिनी कॅम्प्टोथेका आणि हे रसायन बनवणाऱ्या आणखी काही वनस्पतींनी आपल्या टोपोआयसोमरेझमध्ये एका जागी छोटासा बदल करून घेतलाय, त्यामुळे कॅम्प्टोथेसिन तिथे बसू शकत नाही. आणि अगदी तोच बदल कॅम्प्टोथेसिनला दाद न देणाऱ्या माणसाच्या कॅन्सरपेशींतही आढळला होता. झाडाने उत्क्रांतीत शोधलेली पळवाट कॅन्सरच्या पेशीलाही सापडली होती.

उंदीर बरे झाले, माणसं का नाही?

कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. सलाइनमधून द्यायचं तर ते विरघळायला हवं. मग १९७० च्या आसपास त्याचं सोडियमचं क्षार रूप करून पेशंटना दिलं गेलं. परिणाम निराशाजनक निघाले. ट्यूमरवर परिणाम तुटपुंजा, पांढऱ्या पेशी खालावलेल्या, तीव्र जुलाब, आणि लघवीतून रक्त जाण्याइतकी मूत्राशयाची आग. चाचण्या थांबवाव्या लागल्या.

कारण नंतर उलगडलं. या रेणूत पाच कडी आहेत आणि पाचवं कडं बंद असेल तरच तो काम करतो. रक्ताच्या किंचित अल्कधर्मी वातावरणात हे कडं उघडतं. सोडियमच्या क्षारात तर ते आधीच उघडलेलं होतं. उघड्या कड्याचा रेणू रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटतो आणि निकामी पडून राहतो. माणसाच्या अल्ब्युमिनला तर उंदराच्या अल्ब्युमिनपेक्षा जास्तच चिकटतो. उंदरात चाललेलं औषध माणसात न चालण्याचं हे एक ठोस कारण. पुढे तोच रेणू लघवीत उतरला की तिथल्या आम्लात कडं पुन्हा बंद होतं आणि तो नको त्या जागी, मूत्राशयात, पुन्हा कामाला लागतो.

एका कड्याचं उघडणं-मिटणं! बशीतल्या पेशींना यातलं काहीच दिसलं नसतं. अर्कावरचे प्रयोग जिथे संपतात तिथून हे सगळं सुरू होतं.

मग औषध तयार कसं झालं?

१९८५ मध्ये कॅम्प्टोथेसिनचं लक्ष्य टोपोआयसोमरेझ-१ आहे हे कळलं आणि थंडावलेलं काम पुन्हा पेटलं. रेणूची कामाची बाजू तशीच ठेवून दुसऱ्या बाजूला पाण्यात विरघळणारे तुकडे जोडायचे, अशी दिशा ठरली. त्यातून दोन औषधं आली: टोपोटेकान आणि इरिनोटेकान. इरिनोटेकान जपानच्या याकुल्टने विकसित केलं, हो, प्रोबायोटिक पेयाची छोटी बाटली विकणारी तीच कंपनी. जपानमध्ये ते १९९४ मध्ये बाजारात आलं. अमेरिकेत दोन्ही औषधांना १९९६ मध्ये परवानगी मिळाली. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये इरिनोटेकान, तर अंडाशयाच्या आणि फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये टोपोटेकान वापरलं जातं.

इरिनोटेकान अंगात गेल्यावर त्याचा एक तुकडा निघून एसएन-३८ तयार होतं, जे मूळ औषधापेक्षा शेकडो पट जोरकस असतं. यकृत त्याला साखरेसारखा एक रेणू जोडून निष्क्रिय करतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. तिथे आतड्यातले जिवाणू तो रेणू तोडून एसएन-३८ पुन्हा मोकळं करतात, आणि औषध दिल्यानंतर काही दिवसांनी अचानक तीव्र जुलाब सुरू होऊ शकतात. काही माणसांत हे निष्क्रिय करणारं एन्झाइम जन्मतःच मंद असतं. त्यांना नेहमीचा डोसही झेपत नाही. डॉक्टर रक्ततपासणी, डोस, अंतर आणि जुलाबाच्या गोळ्या यांचा इतका बारीक हिशेब ठेवतात तो यासाठी.

याच कुळातली पुढची पिढी आणखी चतुर आहे. कॅन्सरच्या पेशीच्या पृष्ठभागावरचं विशिष्ट प्रथिन ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) कॅम्प्टोथेसिनचा भाऊबंद रेणू बांधून पाठवतात, म्हणजे तो मुख्यतः त्या पेशींतच सुटतो. ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकान (अमेरिकेत मान्यता २०१९) आणि सॅसिटुझुमॅब गोविटेकान (२०२०) ही स्तनाच्या कॅन्सरमध्ये वापरली जाणारी औषधं अशीच आहेत.

'मग सरळ काढाच घेतला तर?'

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ उतरतच नाही म्हटल्यावर काढ्यात ते किती येईल, सांगता येत नाही. जे येईल ते रक्तात पोचेपर्यंत किती टिकेल, तेही नाही. झाडागणिक प्रमाण वेगळं, मुळाच्या सालीत आणि पानात वेगळं. दोन झाडांत कित्येक पटींचा फरक असू शकतो. म्हणजे आजचा काढा फिका पाण्यासारखा आणि उद्याचा अंगावर येणारा, असं होऊ शकतं. ज्या रसायनाच्या शुद्ध, मोजलेल्या डोसलाही दवाखान्यात एवढी काळजी घ्यावी लागते, ते अंदाजपंचे घेणं धोक्याचं आहे. 'झाडपाल्याने अपाय होत नाही' हे वाक्य कण्हेर आणि धोतरा माहीत असलेल्या गावात तरी कुणी म्हणू नये.

सदाफुलीचंही असंच. साखर कमी व्हावी म्हणून तिची फुलं-पानं चावून खाणारे लोक आपल्याकडे घरोघरी आहेत. कॅनडात नोबल आणि बिअर यांनी १९५० च्या दशकात सदाफुलीचा अर्क मधुमेहासाठीच तपासायला घेतला होता. साखरेवर विशेष परिणाम दिसला नाही. उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने कमी झाल्या. त्या धाग्यावरून व्हिनब्लास्टिन आणि पुढे व्हिनक्रिस्टिन ही औषधं आली, आणि मुलांच्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) उपचारांत व्हिनक्रिस्टिन आजही लागतं. पण अंगणातली सदाफुली रोज सकाळी खाणं म्हणजे पांढऱ्या पेशी कमी करणारी वनस्पती न मोजता खाणं. कृपा करून हे थांबवा.

'आपल्या परंपरेत हे आधीच सांगितलेलं आहे'

काही वेळा खरंच सांगितलेलं असतं, आणि ते गांभीर्याने घ्यायला हवं. चीनमध्ये तू यूयू मलेरियावर औषध शोधत होत्या. चिंगहाव या वनस्पतीचा अर्क कधी चालायचा, कधी नाही. चौथ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात त्यांना सूचना सापडली: वनस्पती पाण्यात भिजवा, पिळा आणि रस प्या. उकळा असं त्यात नव्हतं. उष्णतेने गुण जात असावा, असं त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी कमी तापमानाला उकळणारं इथर वापरलं, आणि आर्टेमिसिनिन हाती आलं. २०१५ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. जुन्या ग्रंथाने कुठे बघायचं ते सांगितलं. किती द्यायचं, कुणाला द्यायचं, कशात मिसळायचं हे चाचण्यांनी सांगितलं. दोन्ही हवंच होतं.

नरक्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याचा कॅन्सरशी संबंध रसायनतज्ज्ञांनी जोडला. त्याला 'ऋषिमुनींचं कॅन्सरवरचं औषध' म्हणून विकणारा माणूस परंपरेचं नाव वापरतोय, परंपरा नव्हे.

'सगळी वनस्पती मिळून काम करते, एकच रेणू का काढायचा?'

हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो कधीकधी बरोबर असतो. इसबगोलातून कुणी एक रेणू काढत नाही; भुसाच कामाचा असतो. सोनामुखीच्या गोळ्यांत सेनोसाइडांचं प्रमाण ठरवलेला अर्क असतो आणि तो पोट साफ करतोच. मिरीतलं पिपरिन सोबत दिलं तर हळदीतलं कर्क्युमिन रक्तात जास्त पोचतं, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं. घटक एकमेकांना मदत करू शकतात.

पण मदत करू शकतात तसेच आडही येऊ शकतात, म्हणून हा दावाही तपासावाच लागतो. भारताच्या कायद्याने त्यासाठी वाट ठेवली आहे. २०१५ पासून औषध नियमांत 'फायटोफार्मास्युटिकल' नावाचा वर्ग आहे: वनस्पतीचा शुद्ध केलेला, प्रमाणित अर्क, ज्यातले किमान चार घटक ओळखून मोजलेले असतात आणि ज्याची माणसांवर रीतसर चाचणी होते. एकच रेणू काढा, असं कायदा म्हणत नाही. आत काय आहे ते सांगा आणि दर वेळी तेवढंच द्या, इतकंच त्याचं म्हणणं आहे.

'केमोसोबत घेतलं तर काय बिघडतं?'

बिघडतं. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपात उदास वाटण्यावर घेतली जाणारी वनस्पती. इरिनोटेकान घेणाऱ्या काही पेशंटना नेदरलँड्समधल्या एका छोट्या अभ्यासात ती सोबत दिली, तेव्हा रक्तातलं एसएन-३८ सुमारे ४२ टक्क्यांनी घटलं. यकृतातली औषध मोडणारी यंत्रणा त्या वनस्पतीने जागी केली होती. पेशंटला काहीच जाणवत नाही, केमोचा त्रासही उलट कमी वाटतो, आणि ट्यूमरवरचा मार मात्र कमी पडू शकतो. दुसरी एखादी वनस्पती हीच यंत्रणा मंद करून उलटा घोळ घालू शकते.

म्हणून घरी कुणी काढा, चूर्ण, अर्क घेत असेल तर त्याची बाटली किंवा पुडी ओपीडीत घेऊन जा आणि डॉक्टरांपुढे ठेवा. अनेक जण रागावतील या भीतीने लपवतात. डॉक्टर रागावले तरी सांगा. त्यांना डोस ठरवायचा असतो.

पुढची बातमी वाचताना

'अमुक अर्काने कॅन्सरच्या पेशी नष्ट' असा मथळा दिसला की आधी बघा, पेशी कुठे होत्या: बशीत, उंदरात की माणसात? अर्क कुठल्या द्रावकातला होता आणि झाडाच्या कुठल्या भागाचा? मात्रा दिली आहे का? निरोगी पेशींचं काय झालं? आतलं संयुग ओळखलं गेलं का? बहुतेक बातम्या पहिल्याच प्रश्नाला अडखळतात. म्हणून ते संशोधन वाया गेलं असं अजिबात नाही. वॉल यांचा १९५८ चा निकालही कच्च्या अर्काचाच होता. फक्त त्या टप्प्यावर तो पेशंटच्या हातात द्यायच्या लायकीचा नव्हता.

झाडाचं काय?

मुळांच्या आणि खोडाच्या सालीत सर्वाधिक कॅम्प्टोथेसिन, म्हणून चोरटे लोक झाड मुळासकट उपटतात. पश्चिम घाटातली नरक्याची संख्या यामुळे झपाट्याने घटली आणि आज तो संकटग्रस्त मानला जातो. जंगलात घाम गाळून तुकडे करणाऱ्याला नफ्यातला किरकोळ वाटा मिळतो आणि पकडला गेला की गुन्हाही त्याच्याच नावावर. काढ्याच्या अफवेने या मागणीत आणखी एक गिऱ्हाईक वाढवलंय.

उपाय आहेत. नरक्या बुंध्यापासून छाटला तर पुन्हा फुटतो, म्हणजे मुळं राखून तोड करता येते. पानांत प्रमाण कमी असलं तरी पानं दरवर्षी मिळतात. जास्त कॅम्प्टोथेसिनची झाडं निवडून त्यांची लागवड करता येते. बंगळुरूच्या संशोधकांनी पश्चिम घाटभर फिरून अशी झाडं हेरली आहेत. २००५ मध्ये जम्मूच्या प्रयोगशाळेने आणखी एक आशा दाखवली: नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी स्वतः कॅम्प्टोथेसिन तयार करते. बुरशी टाकीत वाढवता आली तर झाडाला हात लावायची गरजच उरणार नाही. अडचण अशी की झाडाबाहेर काढून पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेल्या की अशा बुरशींचं उत्पादन घटत जातं. झाडाच्या आत असं काय मिळतं जे टाकीत मिळत नाही, यावर काम चालू आहे. तोवर कॅम्प्टोथेसिनसाठी झाडावरच अवलंबून राहावं लागतंय.